नऊ बाय बारा

पहिल्यांदा दिसतात ती छपरं. तिकीट काढून आत गेलं की आपण एका सज्जात येतो, आणि खाली वाकून पाहिलं की अख्खी आळी पसरलेली असते. पुढे दुकानांची करडी कौलं, त्यांच्या मागे फळ्यांची ठेंगणी छपरं, एका बाजूला उंच लाकडी मनोरा, पाण्याच्या कडेला दोन घरं आणि बांधलेली होडी. एका छपरावर मांजर पहुडलेलं. त्याचा म्याव ऐकू आला तेव्हा आईने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘खरं आहे का गं ते?’

खरं नव्हतं. पण खाली जे होतं ते मापाला माप खरं होतं.

हे फुकागावा एदो संग्रहालय. तोक्योच्या पूर्वेला, सुमिदा नदी ओलांडली की लागणाऱ्या कोतो वॉर्डात. 1986 मध्ये ते उघडलं. एदो हे तोक्योचं 1868 पर्यंतचं नाव. त्या एदोतली सागाचो नावाची एक आळी, साधारण 1840 च्या सुमाराला जशी असेल तशी, एका मोठ्या दालनात उभी केली आहे. आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून वीसेक वर्षं झाली होती. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती 1853 मध्ये, आणि त्याच वर्षी अमेरिकेची काळी जहाजं जपानच्या किनाऱ्याला लागली. ही आळी त्या दोन्हींच्या थोडी आधीची. बाहेरचं जग अजून आत आलेलं नाही, आणि ते येणार आहे हे इथे कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही निशि-कासाईला राहतो. तिथून तोझाई लाइनने चार स्टेशनं, मग गाडी बदलून आणखी एक. इतकं जवळ असून सहा वर्षांत मी इथे पाऊल टाकलं नव्हतं. आणलं आईने. ती दोन महिन्यांसाठी आली होती. पहिल्या तीन आठवड्यांत देवळं झाली, बागा झाल्या, उंच मनोरे झाले, तलवारी आणि चिलखतं झाली. चिलखतापुढे ती दोन मिनिटंसुद्धा थांबायची नाही. शेवटी एका रात्री भांडी विसळताना म्हणाली, ‘राजेरजवाडे खूप झाले. साधी माणसं कशी राहायची ते दाखव की.’

खालच्या मजल्यावर निळा अंगरखा घातलेले एक आजोबा उभे होते. ते तिथले स्वयंसेवक वाटाडे. चाळीस मिनिटांत सगळं दाखवतो म्हणाले. ते जपानीत सांगणार, मी मराठीत सांगणार, असं ठरलं. त्यांनी आईला वाकून नमस्कार केला आणि ‘ओकासान’ म्हणून हाक मारली. याचा अर्थ आई, हे मी तिला सांगितलं. ती चकित झाली. ‘ते मला आई म्हणतात? माझ्याहून मोठे दिसतात की.’ पण लगेच तिनेही हात जोडले.

रस्त्याच्या तोंडाशी मोठी पेढी आहे, खताच्या व्यापाऱ्याची. फुकागावात असे व्यापारी पुष्कळ होते. माल उतरवायला कालवे आणि साठवायला पांढऱ्या जाड भिंतींची कोठारं. खत कसलं, तर वाळवलेल्या तारलीचं. उकडून तेल काढायचं, चोथा वाळवायचा आणि तो कापसाच्या शेतांना विकायचा. नुसती उन्हात वाळवलेली मासळीही चालायची. आईचं आजोळ मालवणकडचं. माडाच्या आळ्यात वाळकी मासळी घालतात हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने मान डोलावली, जणू एखाद्या ओळखीच्या माणसाची ख्यालीखुशाली कळली. ते काढलेलं तेल कुठे जातं, हे पुढे आलं.

भाजीवाल्याच्या दुकानात मुळे, गाजरं आणि हिरव्या जुड्या. त्यांतली एक जुडी कोमात्सुनाची वाटली. आमच्याच एदोगावा वॉर्डातली ही भाजी. कोमात्सुगावा गावात शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, योशिमुने शिकारीला आला असताना त्याने तिला हे नाव दिलं असं सांगतात. मी ती लसणाच्या फोडणीवर, वरून शेंगदाण्याचं कूट घालून करते. आईला ती मेथी आणि पालक यांच्या मधली कुणीतरी वाटते.

पण आई थांबली ती शेजारच्या तांदूळवाल्याकडे. तिथे जमिनीत रोवलेलं उखळ आणि त्यावर एक लांब ओंडका. ओंडक्याच्या एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर माणसाने पाय देऊन दाबायचं आणि सोडायचं. दिवसभर तेच. गोदामांतून आलेला लालसर तांदूळ इथे पांढरा व्हायचा आणि घरोघर जायचा. एदोच्या माणसाला पांढऱ्या भाताचा फार अभिमान. खेडेगावात नाचणी-वरीसारखी धान्यं खाऊन राहिलेला माणूस शहरात आला की तिन्ही त्रिकाळ पांढरा भात खायचा आणि काही महिन्यांत त्याचे पाय जड व्हायचे, सुजायचे. गावी परत गेला की बरा व्हायचा. त्या दुखण्याला नावच पडलं ‘एदोवाझुराई’, म्हणजे एदोचं दुखणं. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो. कोंड्याबरोबर जे निघून जात होतं त्याची कमतरता. तो कोंडाच औषध आहे हे कुणाला कळलं नाही. पुढे नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी खलाशांचं जेवण बदलून पाहिलं. 1882-83 मध्ये ‘र्‍यूजो’ या जहाजावरच्या 376 माणसांपैकी 169 जणांना हा आजार झाला होता आणि 25 दगावले होते. 1884 मध्ये ‘त्सुकुबा’ जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण बदललेलं अन्न देऊन. त्या सफरीत या आजाराने एकही माणूस दगावला नाही.

आजोबा हे सांगत होते आणि आईने ओंडक्यावर पाय ठेवला. मी तिला मागे खेचणार, तर आजोबाच म्हणाले, ‘दोझो, दोझो.’ म्हणजे खुशाल. इथे हात लावायला मनाई नाही. घरांत शिरायचं, भांडी उचलायची, खण उघडायचे. मला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवलं. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दरवाजे. त्या घरगुती वस्तू दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून जमवल्या आणि आपल्या गेलेल्या मुलाचं नाव त्या संग्रहाला दिलं. त्या माणसाविषयी मला अपार आदर आहे. पण तिथे प्रत्येक अडकित्ता काचेआड, दुसऱ्या अडकित्त्याशेजारी. इथे प्रत्येक वस्तू आपल्या जागी आहे. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला चूल, वाकलं की लाकूड. वस्तूपेक्षा तिच्यापर्यंत पोहोचणारा हात दिसतो.

मग एका अरुंद बोळातून आम्ही मागे गेलो. मधोमध फळ्यांनी झाकलेलं गटार, दोन्ही बाजूंना दारं. बोळाच्या तोंडाशी लाकडी फाटक, रात्री ते बंद व्हायचं. ही नागाया. लांब घर, असा शब्दशः अर्थ. एकच छप्पर, मधे पातळ भिंती आणि ओळीने बिऱ्हाडं. आजोबांनी नाव सांगायच्या आधीच आई म्हणाली, ‘चाळ आहे ही.’

पहिलं बिऱ्हाड शिंपल्या विकणाऱ्याचं. दाराशी कावड टेकवलेली आणि दोन उथळ टोपल्या. पहाटे खाडीवरून माल घ्यायचा, तो खांद्यावरून विकत गल्ल्या पालथ्या घालायच्या आणि संध्याकाळी त्या दिवसाच्या पैशांत त्या दिवसाचं तेल-तांदूळ. शेजारी सामिसेन शिकवणारी बाई, भिंतीवर तिचं वाद्य. पलीकडे नावाडी. त्याच्या पुढे लाकूड चिरणारा. प्रत्येकाच्या खोलीचं माप एकच.

आजोबांनी ते सांगितलं: नऊ शाकु रुंद, दोन केन खोल. एक केन म्हणजे सहा शाकु. आणि शाकु म्हणजे तीस सेंटिमीटरला किंचित जास्त, जवळपास आपला फूटच. मी मनात हिशेब केला आणि आईला म्हटलं, ‘नऊ बाय बारा.’

आई म्हणाली, ‘आमची दहा बाय बारा होती.’

गिरगावातल्या त्या खोलीत ती वाढली. आठ माणसं होती. मी ती खोली पाहिली आहे, पण आजोळ म्हणून, सुट्टीतल्या चार दिवसांपुरती. तिथे गॅलरी होती, गणपती होता, गोट्या होत्या. आईने ती रोज सकाळी चारला उठून पाहिली होती, पाणी यायच्या वेळी.

तिने पादत्राणं काढली, जोडून कडेला ठेवली आणि शिंपल्यावाल्याच्या घरात शिरली. दारातून आत गेलं की आधी मातीची जमीन, दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी. तिथेच मातीची चूल, लाकडी मोरी आणि पाण्याचा रांजण. मग एक पायरी वर आणि साडेचार चटयांची जागा. माडी नाही, कपाट नाही, मागे दुसरी खोली नाही. आई त्या पायरीवर बसली आणि तिने सभोवार नजर फिरवली, स्वयंपाक करणारी बाई दुसरीच्या स्वयंपाकघरात फिरवते तशी. फळीवरचे वाडगे तिने मोजले. चुलीच्या तोंडाची दिशा पाहिली. कोपऱ्यात एक बुटका घडीचा पडदा उभा होता, त्याच्या मागे बोट करून म्हणाली, ‘वळकटी तिथे ठेवली असणार.’

पडदा सरकवला, तर तिथे गुंडाळलेलं अंथरूणच होतं.

आजोबांनी टाळी वाजवली. मग मला विचारलं की ओकासानने हे आधी कुठे वाचलं का. मी म्हटलं, वाचलं नाही. त्यानंतर त्यांच्या बोलण्याचा सूर बदलला. तोवर ते सांगत होते, आता विचारू लागले. तुमच्याकडे अंथरूण कुठे ठेवायचे? भिंतीतून आवाज यायचा का? दार दिवसा बंद असायचं का? आई उत्तरं देत होती. दिवसा दार लावलं तर लोक विचारायला यायचे, बरं आहे ना म्हणून. ते त्यांना इतकं पटलं की त्यांनी खिशातून वही काढून लिहून घेतलं.

घरात वस्तू इतक्या कमी का, याचं कारण त्या उंच मनोऱ्यावर टांगलं होतं. तो आगीवर नजर ठेवायचा मनोरा, वर घंटा. लाकूड आणि कागदाचं हे शहर पुन्हा पुन्हा जळायचं. 1657 च्या मेइरेकीच्या आगीत तर एदोचा बहुतेक भाग गेला. ‘आग आणि भांडणं ही एदोची फुलं’ अशी म्हणच आहे. आग विझवायची म्हणजे पाणी मारायचं नाही, वाऱ्याच्या दिशेची घरं पाडून टाकायची. ज्याचं घर दर काही वर्षांनी जळणार किंवा पाडलं जाणार, तो साठवेल कशाला? अंथरूण, मच्छरदाणी, सणासुदीचे कपडे भाड्याने देणारी दुकानं होती. लागेल तेव्हा आणायचं, नंतर परत. मला हे ऐकताना आधी मोकळं वाटलं. हल्ली कमी वस्तूंत जगण्याचं इतकं कौतुक आपण वाचतो. पण आईने विचारलं, ‘भाडं द्यायला त्या दिवशी पैसे नसले तर?’ आजोबा म्हणाले, ‘मग थंडीत तसंच झोपायचं.’

दालनातला उजेड मावळू लागला. इथे काही मिनिटांत पहाट होते, दुपार होते, सांज होते आणि तसे आवाज बदलतात. खोलीतला कागदी कंदील आता दिसू लागला. त्यात जळायचं ते तारलीचं तेल, पुढच्या पेढीतल्या त्याच मासळीचं. मोहरीच्या जातीचं चांगलं तेल महाग, म्हणून गरिबाच्या घरी हे. उजेड थोडा, धूर जास्त आणि वास भरपूर.

‘तेच म्हणते मी,’ आई म्हणाली. ‘वास नाही इथे कसला. चाळ म्हटली की आधी वास. मोरीचा, रॉकेलचा, सुक्या बोंबलाचा, ओल्या कपड्यांचा.’ मी ते भाषांतर करून सांगितलं. आजोबा बराच वेळ मान हलवत राहिले. त्या दालनात ताज्या लाकडाचा स्वच्छ, छान वास येत होता.

बोळाच्या टोकाला विहीर, कचऱ्याची जागा, इनारी या धान्यदेवतेचं छोटंसं देऊळ आणि सामायिक संडास. विहिरीचं पाणी प्यायचं नव्हतं. फुकागावा ही भरावाची जमीन, त्यात शहराचा कचराही पडलेला. 1655 पासून एदोचा कचरा या किनाऱ्यावर आणून टाकायचा हुकूम होता. पाणी खारट लागायचं. नदीच्या पश्चिमेला लाकडी नळांतून पाणी खेळवलेलं होतं. 1653-54 मध्ये खोदलेला तामागावा कालवा तब्बल 43 किलोमीटरवरून ते आणायचा. पण ते नदी ओलांडून इकडे येत नव्हतं. म्हणून तिकडचं वाहून जाणारं पाणी होड्यांत भरून पाणीवाले इकडे आणायचे आणि घागरींनी विकायचे. घरातला रांजण त्याच्यासाठी. रांजणावर लाकडी झाकण होतं. आईने ते उचललं, आत पाहिलं आणि पुन्हा नीट बसवून ठेवलं.

संडासाला अर्धंच दार. खाली झाकलेलं, वर उघडं. आत कुणी आहे हे बाहेरून कळतं. पण आजोबांना सांगायचं होतं ते पुढचं. या मैल्याला भाव होता. आसपासचे शेतकरी येऊन तो न्यायचे आणि बदल्यात पैसे किंवा भाजी द्यायचे. ते उत्पन्न चाळीची देखरेख करणाऱ्याचं. त्याला ओया म्हणत. ‘ओया म्हणजे आईबाप, भाडेकरू म्हणजे लेकरं’ अशीही एक म्हण आहे.

हे ऐकून मी थोडा वेळ गप्प झाले. गिरगावातल्या त्या चाळीत मागच्या जिन्याने कोण यायचं, ते आईने मला सांगितलं आहे. त्या माणसाला कुणी नावाने हाक मारली नाही, त्याच्या हातात पैसेही वरून टाकले. तीच गोष्ट एका शहरात विकली गेली आणि दुसऱ्या शहरात ती उचलणाऱ्या माणसाच्या कपाळी अस्पृश्यता आली. एदो त्या पापातून सुटलं होतं असंही नाही. मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे लोक तिथेही वेगळ्या वस्तीत टाकलेले होते. तो भेद कायद्याने संपला 1871 मध्ये, मनातून त्यानंतर कितीतरी उशिरा. या आळीत त्यांचं घर नाही. या संग्रहालयावर माझा जीव जडला आहे, म्हणूनच ते घर इथे हवं होतं असं मला वाटतं.

आईचं लक्ष कचऱ्याच्या जागेकडे होतं. ती जवळपास रिकामी होती. आजोबा बोटांवर मोजत सांगू लागले. राख विकत नेणारा वेगळा. मेणबत्तीचं गळलेलं मेण खरवडून नेणारा वेगळा. मोडक्या छत्रीच्या काड्या नेणारा, फुटकी भांडी सांधणारा, भोकं पडलेल्या कढया दुरुस्त करणारा. ‘कल्हईवाला,’ आई म्हणाली. मग मला म्हणाली, ‘विचार त्यांना, बोहारीण यायची का?’

बोहारणीला जपानीत काय म्हणू? मी सगळंच समजावून सांगितलं. बाई असते, डोक्यावर टोपलीत नवीन भांडी, जुने कपडे घ्यायचे आणि भांडं द्यायचं, आणि त्याआधी अर्धा तास घासाघीस. आजोबांचे डोळे चमकले. जुन्या कपड्यांचा तर एदोत केवढा मोठा व्यापार, म्हणाले, कान्दा नदीच्या काठाने यानागिवारात ओळीने दुकानं. सामान्य माणसाने कोरा कपडा आयुष्यात क्वचितच घेतलेला असायचा. आणि अदलाबदल करणारेही होते. एक फेरीवाला यायचा, ‘तोक्काएबेए, तोक्काएबेए’ ओरडत. बदलून घेऊ या, बदलून घेऊ या. मुलांनी मोडकं लोखंड किंवा चिलमीचं तुटकं तोंड आणून द्यायचं आणि बदल्यात गोळ्या घ्यायच्या. त्यांनी ती आरोळी म्हणून दाखवली. आईने बोहारणीची म्हणून दाखवली. बोळातून जाणारं एक शाळकरी पोरगं थबकून दोघांकडे बघत राहिलं.

चाळीस मिनिटं केव्हाच उलटून गेली होती.

निघताना आईने एक प्रश्न विचारला. पुन्हा त्या शिंपल्यावाल्याच्या खोलीकडे बघत म्हणाली, ‘बाळंतपण कुठे व्हायचं?’

मला ते विचारायला अवघड वाटलं. पण विचारलं. आजोबांनी आधी आंघोळीचं सांगितलं, कारण ते त्यांना ठाऊक होतं: घरात आंघोळीची सोय नाही, आगीच्या भीतीने. सगळे सार्वजनिक न्हाणीघरात जायचे. मग जरा थांबून म्हणाले, बाळंतपण इथेच. याच चटयांवर. बाई बसून बाळंत व्हायची, पाठीशी गाठोडी रचायची, वरून दोर बांधलेला असायचा धरायला. सुईणीला म्हणायचे तोरिआगे-बाबा. बाबा म्हणजे म्हातारी, हे मी आईला सांगितलं. एरवी ती हसली असती. तिने फक्त विचारलं, ‘आणि बाकीची माणसं?’

आजोबा म्हणाले, ‘बाहेर.’

रस्त्यावर आलो तेव्हा चौकात सोबा शेवयांची आणि तेम्पुराची, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या मासळी-भाजीची, गाडी लागलेली होती. 1721 च्या मोजणीत एदोच्या नागरी वस्तीत पाच लाख माणसं भरली, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश पुरुष. गावाकडून एकटे आलेले. त्यांच्या पोटासाठी या गाड्या उभ्या राहिल्या. सोबाचा वाडगा 16 मोनला. गिरणगावातल्या खाणावळी अशाच एकट्या कोकणी, घाटी माणसांवर चालल्या. तेम्पुरा पोर्तुगिजांकडून आला असं मानतात. फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहूनच निघून जपानला पोहोचला होता. जपानी माणूस आजही ब्रेडला ‘पान’ म्हणतो आणि आपण ‘पाव’, दोन्ही त्याच एका पोर्तुगीज शब्दाची लेकरं. आईला हे इतकं आवडलं की तिने रात्री फोनवर तीन जणांना सांगितलं.

दाराशी निरोप घेताना तिने आजोबांना विचारलं, तुमचं घर इथलंच का. हो म्हणाले, पाच मिनिटांवर. जुनं आहे का? ते नाही म्हणाले. 10 मार्च 1945 च्या पहाटे बॉम्बहल्ल्यात हा सगळा भाग जळाला. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. ते तेव्हा सात महिन्यांचे होते आणि आईच्या पाठीवर बांधलेले. ‘मला त्यातलं काही आठवत नाही,’ म्हणाले. ‘माझ्या आईने नागाया पाहिली होती. मी फक्त हीच पाहिली आहे.’ आणि त्यांनी आत, दालनाकडे हात केला.

जवळच्या खानावळीत आम्ही फुकागावामेशि खाल्ला, शिंपल्या आणि पातीचा कांदा घातलेला भात. आई म्हणाली तिसऱ्यांचा आहे, पण खोबरं हवं होतं.

परतीच्या गाडीत ती बोलली नाही. किबा गेलं, तोयोचो गेलं. मिनामि-सुनामाचीनंतर गाडी भुयारातून वर येते आणि आराकावा नदीवरचा लांब पूल लागतो. तिथे उन्हात ती म्हणाली, ‘धाकट्या मामाचा जन्म त्या खोलीतला. दवाखान्यात न्यायला वेळच मिळाला नाही.’

मला हे ठाऊक नव्हतं. मामा साठी ओलांडून गेला आहे.

‘मी सात वर्षांची होते. आम्हा मुलांना गॅलरीत बसवलं. शेजारच्या काकूंनी चुरमुरे दिले सगळ्यांना. अण्णा जिन्यात उभे. आत स्टोव्हचा आवाज येत होता, पाणी तापवत होते ना. तो आवाज बंद झाला तेव्हा मी घाबरले. मग दार उघडलं. फरशी पुसून घेतलेली, ओली होती. पण आई दिसेचना मला. खोली एवढीशी, आणि आई दिसत नाही. मी रडायला लागले.’

‘कुठे होती?’

‘तिथेच. भिंतीशी. पडदा लावला होता मधे.’

‘पडदा कुठून आणला?’

‘आणला कुठला,’ आई म्हणाली. ‘तिचंच नऊवारी लुगडं. दोन खुंट्यांना बांधलेलं.’